आधी ‘मूळव्याध’ म्हणतात, मग परळला पाठवतात

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, फक्त जेवताना वाचू नका.)

लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद कधी नीट वाचलेत का? एक असतो घरबसल्या कमाईचा, एक बाबा-बंगालीचा आणि तिसरा हमखास मूळव्याधीचा. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर. विना ऑपरेशन, गॅरंटीड इलाज.’ खाली मोबाईल नंबर. गाड्या बदलल्या, बारा डब्यांच्या पंधरा झाल्या, एसी लोकल आली, हा कागद काही हलला नाही. पत्रकारितेत वीसेक वर्षं काढल्यावर माझं एक मत झालंय की एखादी जाहिरात इतकी वर्षं टिकते तेव्हा तिच्यामागे लोकांची खरी गरज असते आणि तेवढीच खरी लाजही असते.

आज ज्या विषयावर लिहितोय तो त्या लाजेमागे लपलेला आहे. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर. हा कॅन्सर व्हायच्या आधीच रोखता येतो, आणि रोखण्याचं मुख्य हत्यार म्हणजे कोलोनोस्कोपी, म्हणजे मागच्या बाजूने कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून आतडं आतून बघणं. हे ऐकून निम्म्या लोकांनी पोस्ट सोडली असेल. उरलेल्यांसाठी हा इतिहास. त्यात एक पंजाबी शास्त्रज्ञ आहे, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आहे, परळचं टाटा हॉस्पिटल आहे, धाराशिवच्या खेड्यांतल्या बायका आहेत आणि आपली रेल्वेही आहे.

आधी रोगाबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर वय वाढेल तसे काही जणांना छोटे कोंब फुटतात. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. भिंतीला अळंबी उगवावी तसा प्रकार. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काही मात्र हळूहळू वाढतात आणि त्यातल्या थोड्यांचा कॅन्सर होतो. या ‘हळूहळू’ला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं तो कोंब तिथे असतो. दुखत नाही, बहुधा काही कळूही देत नाही. त्या काळात कुणी आत बघितलं आणि कोंब खुडून टाकला, तर पुढचा कॅन्सर होतच नाही. छातीच्या एक्स-रेने किंवा मॅमोग्राफीने कॅन्सर ‘लवकर सापडतो’. इथे तो होण्याआधीच त्याचं बी काढलं जातं. हा फरक मोठा आहे आणि तो लक्षात ठेवा.

आत बघण्याची इच्छा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अर्श, म्हणजे मूळव्याध, तपासण्यासाठी अर्शोयंत्र सांगितलंय, गाईच्या आचळाच्या आकाराचं, बाजूला भोकं असलेलं. (यावरून ‘आपल्याकडे कोलोनोस्कोपी आधीच होती’ असा फॉरवर्ड कृपया कुणी बनवू नका. त्या यंत्राने तोंडाजवळची बोटभर जागा दिसायची, आणि त्या काळाच्या मानाने तेवढंही मोठं काम होतं.) युरोपात १८६८ साली कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने एका तलवार गिळणाऱ्या कलावंताला गाठून त्याच्या घशातून सरळ नळी पोटात घातली. १८९५ च्या सुमाराला अमेरिकेत हॉवर्ड केली यांनी गुदाशय तपासायची लांब, ताठ नळी वापरात आणली. ताठ नळीची अडचण उघड आहे. आतडं वळणावळणाचं आणि नळी सरळ. पहिल्या वळणाच्या पुढे अंधार.

प्रकाशाला वळण घ्यायला शिकवलं ते एका भारतीय माणसाने. नरिंदर सिंग कापानी, जन्म १९२६, पंजाबातल्या मोग्याचे. डेहराडूनला शाळेत असताना शिक्षकांनी ‘प्रकाश सरळ रेषेतच जातो’ असं सांगितलं आणि ते आपल्याला पटलं नाही, अशी आठवण ते स्वतः सांगत. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला. तो वाचून अमेरिकेत काम करणारा बेसिल हर्शोविट्झ हा तरुण डॉक्टर लंडनला धावला, परत जाऊन सहकाऱ्यांबरोबर त्याने लवचिक नळी बनवली आणि १९५७ मध्ये सगळ्यात आधी स्वतःच्या घशातून खाली उतरवली. आज आपल्या घरापर्यंत इंटरनेटची फायबर आली आहे ना, तिचं आणि कोलोनोस्कोपीचं आजोळ एकच. कापानींना नोबेल मिळालं नाही. पद्मविभूषण मिळालं ते २०२१ मध्ये, मरणोत्तर. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

पोटात उतरणारी नळी आतड्यात जायला आणखी दहा-बारा वर्षं लागली. खरी उडी १९६९ ची. न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल हॉस्पिटलात विल्यम वोल्फ आणि मूळचे जपानी हिरोमी शिन्या हे दोघे लवचिक नळीने अख्खं मोठं आतडं बघू लागले होते. शिन्यांनी नळीतून एक बारीक तारेचा फास आत सोडायची युक्ती काढली. फास पॉलिपच्या देठाभोवती टाकायचा, आवळायचा, तारेतून वीज सोडायची. देठ कापला जातो आणि जागा भाजल्यामुळे रक्तस्रावही थांबतो. त्याआधी तेवढ्याशा कोंबासाठी पोट फाडावं लागायचं. पोट फाडून काढायच्या भीतीने कुणी कोंब काढतच नसे. तारेच्या त्या फासाने तपासणीचाच उपचार झाला. बघायला गेलेला डॉक्टर काम करूनच बाहेर येऊ लागला.

पण कोंब काढल्याने कॅन्सर खरंच टळतो का? लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातले कथबर्ट ड्यूक्स १९२० च्या दशकापासून कापून काढलेली आतडी तपासत म्हणत होते की कॅन्सर या कोंबांतूनच उगवतो. ते सूक्ष्मदर्शकाखालचं निरीक्षण होतं. माणसांवरचा हिशेब आला १९९३ मध्ये. अमेरिकेत सिडनी विनावर आणि सहकाऱ्यांनी पॉलिप काढलेल्या १,४१८ लोकांचा सरासरी सहा वर्षं पाठपुरावा केला. तुलनेच्या गटांवरून या लोकांत २० ते ४८ जणांना कॅन्सर व्हायला हवा होता. झाला पाच जणांना. त्याच वर्षी मिनेसोटातल्या ४६ हजारांवर लोकांच्या चाचणीचे आकडे आले. तिथे तर नळीही सरसकट घातली नव्हती. दरवर्षी शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का एवढंच बघायचं आणि सापडलं तरच कोलोनोस्कोपी करायची. या कॅन्सरने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. ही दुसरी पद्धत आपल्यासारख्या देशासाठी महत्त्वाची आहे. पुढे तिच्यावर येतोच.

लोकांपर्यंत मात्र हे संशोधनामुळे पोचलं नाही, मोठ्या माणसांमुळे पोचलं. जुलै १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आतड्यात कोलोनोस्कोपीत मोठा पॉलिप दिसला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, त्यात कॅन्सर निघाला. वय ७४. अमेरिकेच्या टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांच्या आतड्याचे नकाशे काढून समजावलं गेलं. रेगन त्यानंतर जवळपास एकोणीस वर्षं जगले. मार्च २००० मध्ये केटी कुरिक या टीव्ही पत्रकार बाईंनी तर स्वतःची कोलोनोस्कोपी राष्ट्रीय वाहिनीवर दाखवली. त्यांचे पती दोन वर्षांपूर्वी याच रोगाने वयाच्या ४२ व्या वर्षी गेले होते. त्यानंतर तिथे तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढल्याचं अभ्यासात नोंदलं गेलं. आमच्या धंद्यातल्या माणसाने केलेलं इतकं उपयोगी काम मला दुसरं चटकन आठवत नाही.

आता आपल्याकडे या.

लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. खानोलकरांचा प्रश्न पत्रकाराला शोभेल असा होता: कुणाला, कुठे आणि का? धर्म, जात, खाणं, कपडे, सवयी बघून कॅन्सर कसा बदलतो ते ते शोधत होते. १९४५ मध्ये त्यांनी धोतराच्या कमरेच्या घट्ट गाठीखाली होणारा ‘धोती कॅन्सर’ जगासमोर मांडला. परदेशी पुस्तकांत नसलेला आपल्या कमरेचा रोग त्यांनी आपल्याच माणसांकडे बघून ओळखला.

पुढची पायरी मोजणीची. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली आणि सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. कॅन्सर सरकारला कळवणं बंधनकारक नव्हतं, त्यामुळे नोंदणीची माणसं हॉस्पिटलांच्या दारोदार फिरून केसपेपर बघून नोंदी उतरवायची. कंटाळवाणं काम. पण त्यामुळेच पहिल्यांदा कळलं की मुंबईत तोंडाचा, घशाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर भरपूर आहे, आणि मोठ्या आतड्याचा अमेरिकेच्या मानाने कितीतरी पटींनी कमी.

का कमी? इथे रेल्वे येते. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागातले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांच्याकडे एक अशी सोय होती जी विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे नव्हती: देशभर पसरलेले, एकाच खात्यात नोकरी करणारे, सारख्याच दवाखान्यांत जाणारे, पण वेगवेगळं खाणारे लाखो रेल्वे कर्मचारी. त्यांच्या नोंदींवरून मल्होत्रांनी हृदयविकाराचा उत्तर-दक्षिण फरक मांडला. १९६७ मध्येच ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात पोट-आतड्यांचे कॅन्सर भारतात कुठे जास्त, कुठे कमी यावर त्यांचा लेख आला. पुढे आतड्याच्या कॅन्सरवर लिहिताना त्यांनी कॅन्सर नोंदणीतले आकडे घेऊन भाजीपाल्याचा चोथा, नीट चावून खाणं, दही-ताक यांच्याकडे बोट दाखवलं. आफ्रिकेत काम केलेल्या डेनिस बर्किट यांचा चोथ्याचा सिद्धांत १९७१ मध्ये जगभर गाजला. मल्होत्रांचं नाव तेवढं गाजलं नाही. चोळ्याच्या पॉवर हाऊसच्या सावलीत वाढलेल्या आमच्या ठाकुर्लीला रेल्वे म्हणजे वीज, चाळी आणि रुळ एवढंच माहीत. रेल्वेच्या दवाखान्यातल्या केसपेपरातून विज्ञानही होत होतं, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असेल.

चोथ्याचा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही, हेही सांगतो. २००० मध्ये अमेरिकेत पॉलिप काढलेल्या लोकांना भरपूर चोथ्याचं खाणं देऊन बघितलं, तीन-चार वर्षांत नवे पॉलिप काही कमी झाले नाहीत. तरी एकूण पुरावा धान्य-भाजीच्या बाजूने आणि दारू, तंबाखू, लठ्ठपणा, प्रक्रिया केलेलं मांस यांच्या विरोधात आहे. भाकरी-भाजी खावीच, पण तिच्या भरवशावर रक्त पडत असताना घरी बसू नये.

‘आपल्याकडे कमी’ या आकड्याने एक नुकसान केलं. तो वैद्यकीय शिक्षणात आणि आपल्या मनात ‘आपल्याला होत नाही’ असा मुरला. कमी म्हणजे शून्य नव्हे. एकशे चाळीस कोटींच्या देशात कमी दराचाही आकडा मोठा होतो: २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण आणि ४० हजारांच्या आसपास मृत्यू. दरही जागेवर बसून राहत नाही. जपानी लोक हवाईला स्थायिक झाले तेव्हा एक-दोन पिढ्यांत त्यांचा दर तिथल्या गोऱ्यांइतका झाला. जपान्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आपल्याकडे डोंबिवलीतच हवाई येऊन बसलंय. चायनीजच्या गाड्या, रात्री अकराचं जेवण, दोन तास लोकल, आठ तास खुर्ची.

आणि वय. पाश्चात्त्य पुस्तकांत हा साठी-सत्तरीचा रोग. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एका वर्षात आलेल्या अशा ८०० रुग्णांचा हिशेब २०१७ मध्ये छापला. सरासरी वय होतं ४७. सगळ्यात जास्त कॅन्सर गुदाशयाचे आणि सगळ्यात जास्त आढळलेली तक्रार, शौचावाटे रक्त. एक खुलासा: टाटाला येणारे रुग्ण म्हणजे अख्खा देश नव्हे आणि आपली लोकसंख्याच तरुण आहे, म्हणून सरासरी थोडी खाली दिसणारच. तरीही ४७ हा आकडा माझ्या वयाच्या माणसाने वाचल्यावर कसा वाटतो ते विचारू नका.

इथे तो लोकलमधला कागद परत आठवतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, कारखान्यातून निवृत्त, नाव-गाव देत नाही. शौचाला रक्त पडायचं. त्यांनीच ठरवलं मूळव्याध. मित्राने पत्ता दिला, तिथे गेले, ‘क्षारसूत्र’ म्हणून काहीतरी झालं. ते नक्की काय होतं हे त्यांना आजही सांगता येत नाही. मध्ये बरं, मध्ये रक्त. अशी तीन वर्षं. मग जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन सात. एका डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘काका, पुरुषमाणसाचं रक्त एवढं जातं कुठे?’ आणि हातमोजा घालून बोटाने तपासलं. गाठ बोटाला लागली. तीन वर्षांत कुणी बोटभर तपासणी केली नव्हती. ऑपरेशन झालं, पोटावर कायमची पिशवी आली. आज ते चांगले आहेत, सकाळी फिरायला जातात. पण काकूंनी एकदा मला विचारलं की ‘तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर पिशवी नसती ना हो?’ मी गप्प बसलो.

गैरसमज नको, रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशरच असतं. क्षारसूत्र ही भगंदरावरची मान्यताप्राप्त आयुर्वेदिक पद्धत आहे, जाणकार वैद्य ती नीट करतात. माझा राग न तपासता दिलेल्या नावावर आहे. मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सरही होऊ शकतो, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

मग सरकारने सगळ्यांची कोलोनोस्कोपी का करू नये? प्रश्न रास्त आहे. उत्तर महाराष्ट्रातच शोधता येतं, कारण तपासणीने कॅन्सरचे मृत्यू टळतात का याच्या जगातल्या मोठ्या चाचण्यांपैकी काही इथे झाल्या आहेत. १९९८ पासून टाटाच्या पथकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांवर बायकांना घेऊन चाचणी केली. गर्भाशयमुखाला व्हिनेगर म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, आणि ते काम डॉक्टरांऐवजी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका करायच्या. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ बायकांची दुसरी चाचणी झाली, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने. तिथे एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये निकाल छापून आला तेव्हा जगभरच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला. तिथल्या खेड्यांतल्या बायकांनी जगाला हा धडा दिला.

तिथलं सूत्र सोपं होतं: तपासणी स्वस्त, गावात, आरोग्यसेविकेच्या हातून, आणि दोष सापडला तर उपचाराची सोय तयार. कोलोनोस्कोपी या सूत्रात बसत नाही. एक दिवस आधीपासून पोट साफ करा, प्रशिक्षित डॉक्टर हवा, भूल हवी, महागडी नळी आणि ती प्रत्येक वेळी निर्जंतुक करायची यंत्रणा हवी. म्हणूनच २०१६ मध्ये केंद्राने तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तपासणीची योजना काढली त्यात तीनच कॅन्सर घेतले: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. आपल्याकडचे आकडे बघता तो क्रम बरोबर होता असं मला वाटतं.

शिवाय कोलोनोस्कोपीचा गवगवाही थोडा तपासून घ्यावा. २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधल्या ८४ हजारांवर लोकांच्या चाचणीचा निकाल आला. काहींना कोलोनोस्कोपीचं बोलावणं पाठवलं, बाकीच्यांना नाही. दहा वर्षांनी बोलावलेल्यांत कॅन्सर १८ टक्के कमी, मृत्यूंत ठोस फरक नाही. गाजावाजाच्या मानाने कमीच. पण बोलावलेल्यांपैकी आले होते फक्त ४२ टक्के. जे खरंच आले त्यांचा अंदाज वेगळा काढला तर घट ३१ टक्क्यांच्या घरात जाते. न केलेल्या तपासणीचा गुण येत नाही, युरोपातसुद्धा.

मधला रस्ता तो मिनेसोटावाला. आता त्या चाचणीची सुधारलेली आवृत्ती आलीय, फिट नावाची. नमुन्यात फक्त माणसाचं रक्त ओळखते, त्यामुळे पथ्य नाही. इंग्लंडमध्ये तर छोटी डबी टपालाने घरी येते, काडीने नमुना घ्यायचा, डबी परत टपालात टाकायची. रक्त सापडलं तरच कोलोनोस्कोपी. तिथल्या दक्षिण आशियाई घरांतून डबी परत जाण्याचं प्रमाण कमी आहे, म्हणजे लाज आपण व्हिसा लावून सोबत नेली. अमेरिकेत २०२१ पासून तपासणीचं वय पन्नासावरून ४५ वर आणलंय. डोंबिवलीतून न्यू जर्सीला गेलेल्या मुलाला पंचेचाळिशीत त्याचा डॉक्टर आठवण करतो. त्याचा इथे राहिलेला भाऊ त्याच वयाचा, त्याच घरातला, त्याला कुणी विचारत नाही.

आता आपल्या गावाची गोष्ट, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचा २०२० चा अहवाल उघडा. महाराष्ट्रातल्या नोंदण्या दिसतात: मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी ग्रामीण, उस्मानाबाद-बीड. ठाणे नाही. कल्याण-डोंबिवली नाही. मुंबईची नोंदणी बृहन्मुंबईपुरती, म्हणजे मध्य रेल्वेवर मुलुंडला संपते. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेत साडेबारा लाखांच्या आसपास लोक होते. आपण मुंबईत कमावतो, मुंबईचंच खातो, मुंबईच्या हॉस्पिटलात जातो, पण मुंबईचा दर काढताना आपण मुंबईकर नसतो. परळच्या रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदीत आपला केस नंबर असतो, पण एक लाख ठाकुर्लीकर-डोंबिवलीकरांमागे हा रोग किती, वाढतोय की कमी होतोय, याचं उत्तर त्यातून निघत नाही. बार्शी, परंडा, भूम या तीन तालुक्यांत १९८७ पासून मोजणी चालू आहे. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव फिरून संशयित रुग्ण शोधत आणि त्यांना बार्शीला आणत. आमच्याकडे रुग्णालयं एकमेकांना खेटून उभी आहेत, कार्यकर्त्याला फिरायला रिक्षासुद्धा लागणार नाही.

राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅन्सरच्या ऑपरेशनला, केमोला मदत करते आणि ती मोठी गोष्ट आहे. पण ती रोग झाल्यावरची योजना.  महापालिकेच्या सभेत रुग्णालयाच्या इमारतीवर चर्चा होते, टेंडरवर होते. चाळिशीपुढे रक्त पडणाऱ्या प्रत्येकाची बोटाने तपासणी आणि गरज पडली तर पुढची नळी, एवढा एक नियम दवाखान्यांना घालून द्यायला टेंडरही लागत नाही.

मी स्वतः गेल्या वर्षी करून घेतली. घरात एकाला हा रोग होऊन गेलाय म्हणून. प्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही, गुंगी दिली, उठलो तेव्हा झालं होतं. त्रास आदल्या संध्याकाळचा. पावडर कालवलेलं बेचव पाणी लिटरच्या हिशेबाने प्यायचं आणि मग रात्रभर फेऱ्या. ठाकुर्लीकरांना माझा एकच व्यावहारिक सल्ला: तारीख घेताना डॉक्टरांच्या आधी पाण्याचं वेळापत्रक बघा. पाणी बंद असलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री ही तयारी करू नका. माझा एक छोटा पॉलिप निघाला, काढला, तपासणीत साधा आला. किती वर्षांनी परत यायचं ते कागदावर लिहून दिलंय.

धोके आहेत, ते लपवत नाही. दहा हजार तपासण्यांमागे साधारण तिघांना आतड्याला छिद्र पडतं, पंधराएक जणांना मोठा रक्तस्राव होतो. म्हणून कुठल्या तरी पॅकेजच्या जाहिरातीला भुलून, काही कारण नसताना तिशीत नळी घालून घेऊ नका. मधुमेह, हृदयविकार असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पण आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीला, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा डॉक्टरांना विचारा. शौचावाटे रक्त, महिनाभर बदललेली सवय, कारण नसताना उतरलेलं वजन, पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं कमी झालेलं हिमोग्लोबिन, यात वयाची वाट बघायची नाही. आणि डॉक्टरने न तपासता ‘मूळव्याध आहे’ म्हटलं तर नम्रपणे विचारा, ‘बघितलंत का?’

ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, पण परळला स्लो थेट जाते. स्टेशनातून बाहेर पडून डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर सकाळी सातला गेलात तर फुटपाथवर फायली छातीशी धरलेली माणसं दिसतील, बिहारची, बंगालची, नांदेडची आणि आपल्या बाजूचीही.

पोस्ट पुढे पाठवताना माझं नाव काढलंत तरी चालेल. फक्त धोक्याचा परिच्छेद कापू नका. आणि कमेंटमध्ये ‘खात्रीशीर पत्ता’ टाकणाऱ्यांच्या कमेंट उडवल्या जातील.